सहीचं सोडून बाकी सगळं माफ

रुकय्या, तू आता नक्की कुठे आहेस हे मला कळत नाही, आणि न कळलेलं मला सोसत नाही हे तुला ठाऊक आहे. वर्गात एका मुलाला जरी त्रैराशिक कळलं नाही तरी मी तास संपवायची नाही. तू बाहेर दारात मराठीचं पुस्तक छातीशी धरून उभी असायचीस. तुझ्या तासाची किती मिनिटं मी अशी खाल्ली असतील कोण जाणे. आज तुला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तू कुठे आहेस हे मी चार जणांना विचारलं आणि चार वेगवेगळी उत्तरं मिळाली.

तुझा इम्रान म्हणाला, अम्मी बरजखमध्ये आहे. म्हणजे मरण आणि कयामत यांच्या मधल्या पडद्यामागे. नेक माणसाच्या कबरीत म्हणे जन्नतच्या बाजूने एक खिडकी उघडते आणि तिकडचा वारा आत येतो. हे ऐकून मला बरं वाटलं. आचोळ्याच्या तुझ्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. आमच्या शेजारच्या सुधावहिनी म्हणाल्या, तेरा दिवस आत्मा घराभोवतीच असतो. मी म्हटलं, अहो, ती मुसलमान होती. तर म्हणाल्या, आत्म्याला हे कोणी सांगितलेलं असतं का? माझ्या गौरीच्या सासूबाई, पाचूबंदरच्या रेजिनाबाई, फोनवर म्हणाल्या, "मी चर्चात आयतवारच्या मिस्सात तुमच्या मैतरनीचं नाव सांगितलंय. तिकडे कोन कोनाचं ते देव बगून घेल." चौथं उत्तर माझं स्वतःचं. माणूस मेलं की संपलं. तीस वर्षं स्टाफरूममध्ये मी हेच ठासून सांगत आले आणि आता तुला पत्र लिहायला बसले आहे. आता मला कोणी विचारलं की बाई, तुमचं उत्तर पडताळून बघितलंत का, तर काय सांगू?

आपलं जन्नतवरचं भांडण पहिल्यांदा कधी झालं ते मला आठवत नाही. बहुतेक एखाद्या रमजानात असेल. तुझा रोजा असला की मी डबा घेऊन बाहेर जायला निघायची, आणि तू म्हणायचीस, "नलू, बस इथेच. तुझ्या भाजीचा वास घेऊन रोजा तुटत नाही." मग मी मुद्दाम काहीतरी उकरून काढायची. जन्नतमध्ये काय काय असतं सांग, म्हणायची. तू सांगायचीस. बागा असतात. त्या बागांच्या खालून नद्या वाहतात. पाण्याच्या, दुधाच्या, मधाच्या. फळं हाताशी येतात, तोडायला उठावं लागत नाही.

मी राजोडीच्या वाडीत जन्मले आणि पुढच्याच वाडीत लग्न होऊन आले. केळी, चिकू, सोनचाफा. जन्मभर बागेला पाणी लावलं, पाट फोडले, पाट बांधले, पायांना चिखल्या झाल्या. मी तुला म्हटलं, मेल्यावर पुन्हा बागच द्यायची असेल तर मला नको, मला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट द्यायला सांग. तू हसत सुटलीस. मग म्हणालीस, "तुला फ्लॅट हवा कारण तू फ्लॅटमध्ये राहिली नाहीस. मी टँकरचं पाणी चार मजले वर चढवते. मला कोणी म्हटलं ना की तुझ्या पायाखालून नदी वाहील, तर मी बाकी काही विचारणार नाही." ते भांडण तू जिंकलीस. असं क्वचित व्हायचं.

मुनकर-नकीरची गोष्ट मला फार आवडायची. माणसाला कबरीत ठेवून लोक पाठ फिरवतात, त्यांच्या चपलांचा आवाज अजून ऐकू येत असतो, तेवढ्यात दोन फरिश्ते येतात आणि प्रश्न विचारतात. तुझा रब कोण, तुझा धर्म कोणता, तुझा नबी कोण. मी म्हटलं, म्हणजे तोंडी परीक्षा, आणि पेपर तर आधीच फुटलेला. मग घाबरायचं कशाला? तू गंभीर झालीस. म्हणालीस, "उत्तर पाठ असून भागत नाही, नलू. जगलेलं असेल तेच तिथे तोंडातून येतं." तुझ्या मराठीच्या पेपरातही तू हेच करायचीस. पाठ केलेल्या निबंधाला तू कधी पास होण्यापुरतेही गुण दिले नाहीस.

आणि तो एक प्रश्न. मी तुला सरळ विचारलं होतं, तुझ्या जन्नतमध्ये मी येणार की नाही? स्टाफरूममध्ये तेव्हा आपण दोघीच होतो. तू हातातलं लाल पेन वहीवर ठेवलंस. मग म्हणालीस, "माझ्या हातात असतं तर मी तुला विचारलंसुद्धा नसतं. हाताला धरून नेलं असतं. पण माझ्या हातात नाही ते." मला राग आला. हो म्हण नाहीतर नाही म्हण, मध्ये कशाला लोंबकळत ठेवतेस? तू म्हणालीस, मला जे माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून सांगणार नाही. खरं तर हे माझं वाक्य. ते तू माझ्यावरच उलटवलंस म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तुझ्याशी अबोला धरायची मला तशी सवयच होती, पण तो दोन दिवसांवर कधी टिकायचा नाही. पुढे एकदा मात्र दोन वर्षं टिकला.

त्या दोन वर्षांबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. आज बोलते.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या गौरीने पाचूबंदरच्या नेल्सनशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाची नोटीस महिनाभर कार्यालयाच्या भिंतीवर लागलेली होती, अख्ख्या वसईला वाचता आली असती, फक्त मी त्या रस्त्याने गेले नाही. संध्याकाळी गौरीचा फोन आला. मी फोन ठेवला आणि रात्रीचा भात लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आठ दिवसांनी ती आणि नेल्सन घरी आले. ह्यांनी लग्नाचं सर्टिफिकेट बघायला मागितलं. सर्टिफिकेट बघून काय होणार होतं? पण बापाला काहीतरी हातात धरायला हवं होतं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तीन साक्षीदारांच्या सह्या होत्या. तिसरी तुझी होती. ते वळणदार अक्षर मी तीस वर्षं गुणपत्रिकांवर बघितलेलं, त्यात चूक व्हायला जागा नव्हती.

मुली आईपासून लपवतात. मीही माझ्या आईपासून काय कमी लपवलं? नेल्सन मासेमारी करतो, दुसऱ्या धर्माचा आहे, हे सगळं मी गिळलं. ह्यांनी तर महिन्याभरातच गिळलं, पाचूबंदरला जाऊन आले ते पापलेटची पिशवी हातात घेऊनच. पण तू? लग्नाच्या दोनच दिवस आधी आपण दोघी एकत्र बाजारात गेलो होतो. माझ्यासाठी साडी निवडताना तू रंगावरून तास घातला होतास. आणि तुझ्या पोटात हे होतं. मी तुला एकदाच विचारलं, शाळेच्या जिन्यात. तू म्हणालीस, "मी केलं ते चुकीचं नव्हतं. पण तुझं मन दुखलं, त्याचं मला वाईट वाटतं." मला हे वाक्य दोन तुकड्यांत नको होतं. मला नुसतं "चुकलं" ऐकायचं होतं. ते तू म्हणाली नाहीस, आणि मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही.

मग हे गेले. तुझा पायही लागणार नाही असं ज्या घराबद्दल मी बोलले होते, त्या घरात तू पहिल्या दिवशी आलीस, माझ्या स्वयंपाकघरात चहाचं पातेलं शोधलंस आणि आलेल्या माणसांना चहा देत राहिलीस. पातेलं कुठे असतं ते तुला माहीत होतं. त्यानंतर अबोला आपोआप सुटला. पुन्हा फोन सुरू झाले, ईदेला शीरखुर्मा आला, गणपतीत तू मोदक वळायला आलीस आणि तुझे मोदक नेहमीप्रमाणे फाटले. पण सहीबद्दल ना तू बोललीस ना मी. मला वाटायचं, मिटलं. आता कळतंय की मी ते फक्त आत ढकललं होतं.

गेल्या महिन्यात तुझ्या फुप्फुसात पाणी झालं. मी दवाखान्यात आले तेव्हा दुपार होती, तुझे मियाँ, युसुफभाई, खाली औषधं आणायला गेले होते. तू मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, "नलू, कहा-सुना माफ कर." हे तुमच्याकडे म्हणतात, मला माहीत होतं. हजला जाणारी माणसं दारोदार जाऊन हेच म्हणतात. मग मला वाटलं की ही मरणाचं बोलायला लागली, आणि मला ते नको होतं. मला घाबरल्यावर चेष्टा सुचते, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "बाकी सगळं माफ. सहीचं नाही."

तू हसलीस. त्या हसण्यात खोकला आला, मी पाठ चोळली. तू म्हणालीस, "मग मी अडकेन गं." मी म्हटलं, "अडक. दारात बस माझी वाट बघत. मी आल्यावर बघू." तू पुन्हा मास्क लावलास. डोळे मिटून पडलीस, पण माझा हात धरून होतीस. मला वाटलं, चला, हसवलं हिला. दोन दिवसांनी सकाळी इम्रानचा फोन आला.

आचोळ्याच्या त्या छोट्या हॉलमध्ये तुला ठेवलं होतं. बायकांनी तुला आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, कापूर लावला. मी कोपऱ्यात उभी होते, डोक्यावर पदर घेऊन. मला वाटलं होतं तू वेगळी दिसशील, पण तू दुपारच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून झोपायचीस तशीच दिसत होतीस. न्यायच्या आधी तुझ्या नणंदेने, झुबेदाआपाने, एकेका बाईला पुढे बोलावलं. तिने तुझा चेहरा दाखवायचा आणि म्हणायचं, "कहा-सुना माफ कर दो." प्रत्येक बाई म्हणत होती, "माफ किया." कोणी रडत, कोणी पुटपुटत. खालच्या मजल्यावरची ती बाई, जिच्याशी तू पाण्यावरून कायम भांडायचीस, ती तर मोठ्याने म्हणाली. माझी पाळी आली. झुबेदाआपाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.

मला खोटं बोलायचं नव्हतं, रुकय्या. तुझ्यासमोर तर नाहीच. "माफ केलं" म्हणायला माझी जीभ उचलली गेली नाही, कारण आतून ते झालेलं नव्हतं. तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. झुबेदाआपाने मागच्या बाईला पुढे घेतलं. पुरुषांनी तुला खांद्यावर घेतलं. मी जिन्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण कब्रस्तानात बायका जात नाहीत.

आठ दिवसांनी युसुफभाईंना भेटायला गेले. ते एकटेच बसले होते. मी त्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील, म्हणतील, भाभी, तुमची चेष्टा तिला कळत नव्हती का? ते हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "अल्ला स्वतःचे हक माफ करतो. नमाज चुकली, रोजा चुकला, तो रहम करणारा आहे. पण एका माणसाने दुसऱ्या माणसाला दुखवलं तर ते त्या माणसानेच माफ करावं लागतं. त्यात अल्ला मध्ये पडत नाही."

मी विचारलं, मग पुढे काय होतं? त्यांनी सांगितलं की जन्नतच्या अलीकडे एक पूल आहे. चांगली माणसंसुद्धा तिथे थांबवतात. एकमेकांचं जे काही राहिलं असेल ते तिथे मिटवायचं, आणि मन स्वच्छ झालं की मग आत. ज्याने दुखवलं त्याची पुण्यं, ज्याला दुखवलं त्याला द्यायची, असंही असतं. मी म्हटलं, म्हणजे रुकय्याच्या नमाजा मला मिळणार? मी त्या घेऊन करू काय? मला तर त्यांची दिशासुद्धा माहीत नाही. हे मी मोठ्यानेच बोलले. ते म्हणाले, "मिळतील. काय करायचं ते तुम्ही बघा."

मग मी खरा प्रश्न विचारला. म्हटलं, मी हिंदू. माझ्या माफीला तिथे काही किंमत आहे का? ते म्हणाले, "माणसाचा हक तो माणसाचा हक. त्यात तुमचा-आमचा नसतं." आणि मला आणखी भीती वाटायला लागली. मी तुला म्हटलं होतं, मी येईपर्यंत बस. पण मी त्या वाटेने येणारच नसेन तर? माझ्या येण्याचं तर तुलाही सांगता आलं नव्हतं. तू नायगावच्या खाडीपुलासारख्या कुठल्याशा लांबलचक पुलावर, वाऱ्यात, पदर सावरत उभी आहेस, आणि ज्या बाईची वाट बघतेस ती बाई मेली की संपलं म्हणणारी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी यातलं काही मानत नाही. तरी रोज सकाळी चाफा खुडताना मी मोठ्याने म्हणून बघत होते, "माफ केलं, रुकय्या." आणि रोज मला कळत होतं की हे पाठ केलेलं आहे. तू असतीस तर शून्य दिलं असतंस.

शेवटी काल गौरीकडे गेले. नेल्सन बोटीवर होता, रेजिनाबाई बोंबील वाळत घालत होत्या. आम्ही दोघीच घरात होतो. मी गौरीला म्हटलं, मला एकदा नीट सांग, रुकय्यामावशीला तू साक्षीला कशी नेलीस. नऊ वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारलं. ती जरा दचकली.

"आई, मावशी तीन दिवस नाहीच म्हणत होती. म्हणाली, आधी आईला सांग. मी म्हटलं, माझी हिंमत नाही होत. तर म्हणाली, मग मी सांगते. ती आली होती तुझ्याकडे. तुला माहितीये ना? आदल्या दिवशी."

"कुठे आली होती?"

"वाडीत. तू चाफ्याच्या पुड्या बांधत होतीस."

आणि मला ती संध्याकाळ आठवली. तू आली होतीस. शाळेच्याच साडीत, सरळ मागच्या दाराने. मी पानात कळ्या बांधत होते आणि तावातावाने बोलत होते. गौरीला एक स्थळ आलेलं, ती त्या मुलाला भेटायलाच तयार नव्हती. माझा पारा चढलेला. तू म्हणालीस, "नलू, गौरीचं एक बोलायचं होतं." मी तुला बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "तिने परस्पर काही केलं ना, तर मी तिचं तोंड बघणार नाही. आणि जो कोणी तिला साथ देईल त्याचंही नाही, मग तो कोणीही असो." माझ्याबरोबर चार पुड्या बांधल्यास आणि गेलीस. मी नंतर ह्यांना म्हटलंसुद्धा, आज रुकय्या कशाला आली होती कोण जाणे.

गौरी म्हणाली, "तिकडून येऊन मला म्हणाली, तुझ्या आईला आत्ता सांगण्यात अर्थ नाही, ती ऐकायच्या अवस्थेत नाही. पण तू तिथे एकटी उभी राहायचं नाही. घरचं कोणीतरी पाहिजे. म्हणून आली ती. सही करताना रडत होती, आई. आणि मला कसम घातली, तुला हे सांगायचं नाही. म्हणाली, तिला वाटेल तिच्यामुळेच झालं. आता तीच नाही, म्हणून सांगते."

तू माझ्या जागेवर उभी राहिली होतीस. किंमत काय द्यावी लागेल हे तुला मी स्वतः आदल्या संध्याकाळी सांगितलेलं, आणि तू ती दिलीस. दोन वर्षं माझं वळवलेलं तोंड बघितलंस. त्या जिन्यात नुसतं एवढं म्हणाली असतीस की मी सांगायला आले होते, तर मी काय बोलू शकले असते? दवाखान्यात तरी म्हणायचंस. तिथे तर तू माझीच माफी मागितलीस.

मी गौरीला म्हटलं, "मी मावशीला माफ केलं." तिने गॅस बंद केला, माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "आणि मला?"

रुकय्या, नऊ वर्षं ही मुलगी दर रविवारी माझ्याकडे येते. तिच्या मुलाला मी पाढे शिकवले. तिच्यासाठी मी सुरणाची भाजी राखून ठेवते. मला वाटायचं, हिचं तर कधीच मिटलं. आणि ती विचारते, मला? मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा तेच, शब्द येईना. तेव्हा मला खरं काय ते कळलं. माझा राग तुझ्यावर नव्हताच. तो हिच्यावर होता. पण हिच्यावर रागावले असते तर ही तुटली असती, आणि पोरीला तोडायची माझी छाती नव्हती. तू तुटणार नाहीस याची मला खात्री होती. म्हणून सगळा राग तुझ्यावर काढला. तू हे ओळखलं होतंस ना? म्हणून तर काही बोलली नाहीस.

हे मी गौरीला सांगितलं, जसं आलं तसं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, चाळिशीला आलेली बाई. मग मी तिला "हो" म्हणाले. ते खरं होतं. रेजिनाबाई हात पुसत आत आल्या, आम्हाला बघून परत बाहेर गेल्या.

आज सकाळी पुन्हा युसुफभाईंकडे गेले आणि त्यांच्यासमोर म्हटलं, "सहीचंसुद्धा माफ केलं. मनापासून. तुम्ही साक्षीला आहात." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. पण मी उठले नाही. मी विचारलं, भाई, आता उलटं झालंय, तिला मी दुखवलंय. ज्याला दुखवलं तो माणूसच गेला तर माफी कोणाकडे मागायची? ते म्हणाले, "तिच्यासाठी दुआ करा." मी म्हटलं, मला दुआ येत नाही. आणि मी मानतही नाही, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "मराठीत करा. मानायचं नंतर बघा."

तुझ्या त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. हात कसे धरायचे ते माहीत नव्हतं, म्हणून तसेच सोडले. कोणाला बोलतेय हेही कळत नव्हतं. मी म्हटलं, ही माझी मैत्रीण आहे. हिला माझ्यासाठी थांबवू नका. हिची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, रुकय्या, आणि ते ऐकायला तू नव्हतीस.